मिठाची वाट

आमच्या घरात मीठ माणसाच्या डोक्यावरून आलं. दुकानातून आणलेलं मीठ मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला चांगली मिसरूड फुटली होती. त्याआधीचं सगळं मीठ माझ्या बानं आणि त्याच्या आधी आज्यानं कोकणातून कडा चढून वर आणलेलं. म्हणून कुणी शहरातला पोरगा पाठीला पिशवी लावून माझ्या ओट्यावर बसतो आणि विचारतो, "काका, इथून खाली उतरायची वाट आहे का?" तेव्हा मला हसूही येतं आणि पोटात कालवतंही. आहे का म्हणजे काय बाबा? त्या वाटेनंच तर आम्ही जगलो.

माझं गाव अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, हरिश्चंद्रगडाच्या सावलीत. या मुलखाला आम्ही डांगाण म्हणतो. पाऊस असा की साधी गाय टिकत नाही, इथं डांगी गाईच लागतात. भात, नागली, वरई आणि जंगलातला हिरडा ही आमची पिकं. उत्तरेला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिथून रतनगड आणि मग हरिश्चंद्रगड. या रांगेच्या पश्चिमेला जमीन एकदम संपते. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकणातली घरं काड्यापेटीएवढी दिसतात.

आता हा कडा उतरायचा कसा, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. एक थर टणक, एक थर ठिसूळ, असे एकावर एक. टणक थराचा उभा कडा होतो. ठिसूळ थर झिजून कड्याखाली आडवी पट्टी राहते, तिला आम्ही पदर म्हणतो. पाणी जिथं फट धरून खाली घुसतं तिथं नाळ पडते. आमच्या घाटवाटा सगळ्या याच हिशेबानं चालतात. नाळेनं एक कडा उतरायचा, पदरावर आलं की आडवं चालायचं, दुसरी नाळ गाठायची, पुन्हा उतरायचं. शहाण्यानं डोकं लावून आखलेल्या या वाटा नाहीत, पाण्यानं दाखवलेल्या आहेत. म्हणूनच पावसाळ्याचे चार महिने त्या बंद. आषाढात तीच नाळ धबधबा होते. लोक धबधब्याचे फोटो काढतात. आम्हाला त्यात आमची बंद पडलेली वाट दिसते.

साम्रदजवळची सांदण दरी आता फार गाजली. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये चिंचोळी फट, तळाला ऊन जेमतेम पोचतं. दोर लावून लोक उतरतात. आमच्या भाषेत सांद म्हणजे फट. नाव ठेवणारी माणसं तिथं आधीपासून राहत होती, एवढं त्या नावावरूनच कळावं.

या वाटा किती जुन्या, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. दहावीपर्यंत शिकलो, पण इतिहासाच्या पुस्तकात आमच्याकडची वाट काही आली नाही. पुढं एकदा जुन्नरच्या बाजारातून बैल आणायला गेलो तेव्हा मुद्दाम नाणेघाट पाहून आलो. घाटाच्या तोंडाशी गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत लेख कोरलेला. सातवाहनांची राणी नागनिका हिचा तो लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती नाणी, सगळे आकडे त्यात मांडलेत. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल या घाटानं वर जुन्नरला यायचा.

मी त्या लेखापुढं बराच वेळ उभा राहिलो. दान देणाऱ्या राणीचं नाव आहे. देवांची नावं आहेत. ज्या हमालाच्या डोक्यावरून माल गेला, त्याचं नाव नाही. त्याचं नाव कोण कोरणार? पण त्याच्या पायांनी गुळगुळीत झालेला दगड तिथं आहे. माझ्या मते तोही लेखच.

असंच आमच्या गडाचं. कोकणकड्यावरून धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. १८३५ साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते पाहिल्याची नोंद आहे. आमच्या गुराख्यांनी ते त्याच्या कितीतरी आधी पाहिलं असेल. पण गुराख्याकडं वही नव्हती.

खिरेश्वरकडून गडावर येताना टोलार खिंड लागते. तिथं दगडात कोरलेला वाघ आहे. वाघाच्या मुलखात जाताय, हात जोडून जा, असाच त्याचा अर्थ आम्ही धरत आलो. याच डोंगरांत राघोजी भांगरे इंग्रजांशी लढले. ते देवगावचे, आमच्याच महादेव कोळी समाजाचे. इंग्रजांकडं बंदुका होत्या, फौज होती. राघोजींकडं वाटा होत्या. शेवटी ते पकडले गेले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढं १८६५ साली रेल्वे कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला आली. मोठ्या व्यापाऱ्याचा माल गाडीत बसला. आमचं मीठ मात्र पुढची शंभर वर्षं डोक्यावरच राहिलं.

आमच्या गावामागची वाट कुठल्या लेखात नाही. तिला वेगळं नावही नाही, नुसती 'कोकणवाट'. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. रोजगार हमीच्या नावानं खडी फोडायची, सुकडी आणि लाल मिलो खायचा, असे दिवस. त्या हिवाळ्यात बानं मला पहिल्यांदा ओझ्यासकट खाली नेलं. माझ्या डोक्यावर हिरड्याचं गाठोडं, बाच्या डोक्यावर माझ्या दुप्पट. कोंबडा आरवायच्या आत निघालो. पहिल्या नाळेच्या तोंडाशी बानं थांबवलं, खाली वाकून दगडाला हात लावला, तो हात कपाळाला लावला. मला म्हणाला, "पाय टाकायच्या आधी दगूड बघ. जो गुळगुळीत हाय त्यो आपला. ज्याच्यावर शेवाळ हाय त्यो परका."

मी तेवढ्यावर सगळी वाट उतरलो. ऊन चढेस्तोवर आम्ही आत्याच्या दारात होतो. आम्ही तिला मावळण म्हणायचो. तिला कड्याखालच्या गावात दिलेली. वरच्या लेकी खाली द्यायच्या, खालच्या वर आणायच्या, ही आमची जुनी रीत. मावळणीनं तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. दुसऱ्या दिवशी टोकावड्याच्या बाजारात हिरडा विकला, मीठ घेतलं, बोंबील घेतले, आणि तिसऱ्या दिवशी कडा चढलो. मीठ घेऊन चढताना घाम गोणीत मुरतो आणि मीठ जड होत जातं. माझी मान आठ दिवस वळत नव्हती. बा हसला आणि म्हणाला, "आता तू घरचा झाला."

वाट फक्त मिठाची नव्हती. आजी वारली तेव्हा सांज झाली होती. चुलत्यानं पलिता पेटवला आणि कोकणवाटेनं उतरला. मध्यरात्री मावळणीला निरोप पोचला. दिवस उगवायला ती आईच्या उशाशी होती, गुडघे फुटलेले, पायात काही नाही. आईचं तोंड तिला पाहायला मिळालं.

मग रस्ते झाले. राजूरहून एसटी गावाजवळ यायला लागली, दुकानात पुडीचं मीठ आलं, हिरडा घ्यायला व्यापारी दारात आला. रस्त्याला मी नावं ठेवणार नाही. रस्त्यामुळं माझी बायको बाळंतपणात वाचली. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. मावळणीकडं जायचं म्हणजे कोतूळ, ओतूर, माळशेज करत खाली उतरायचं, गाड्या बदलायच्या, त्यात अख्खा दिवस मोडायचा. कडा उतरून जे घर तीन-चार तासांवर होतं, ते रस्त्यानं लांब गेलं. जाणं कमी झालं. लग्नाला, दहाव्याला, एवढंच. वरच्या लेकी खाली देणंही थांबलं. बा गेला तेव्हा मावळण तिसऱ्या दिवशी पोचली.

१९८६ साली इथं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. हळूहळू शहरातली पोरं यायला लागली. वीस-बावीस वर्षांपूर्वी मार्गशीर्षात पाच जणांची टोळी आली. कोकणात उतरायचं म्हणाली. मी म्हणालो, "चला, ही तर आमची घरची वाट." पंधरा वर्षं मी त्या वाटेवर पाऊल ठेवलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. खरं तर मलाच ते आठवलं नाही.

पहिली नाळ बरोबर उतरलो. पदरावर आलो आणि माझी वाट संपली. पुरुषभर उंच कारवी माजलेली. मी दगड बघायला लागलो, बानं शिकवल्यासारखा. सगळ्या दगडांवर शेवाळ. एकही दगड आपला राहिला नव्हता. पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी उगाच पुढं गेलो, चुकीच्या नाळेत शिरलो, खाली उभा कातळ लागला. परत पदरावर येईपर्यंत अंधार पडला. एका पोराचा पाय मुरगळला, पाणी संपलं. मी त्यांना कड्याला पाठ लावून बसवलं आणि शेकोटी केली. त्या रात्री मला थंडीपेक्षा लाजेनं जास्त हुडहुडी भरली. दुसऱ्याची लेकरं मी माझ्या फुशारकीपायी अडकवली होती.

ती शेकोटी खालून दिसली. पहाटेच्या आधी दोन बॅटऱ्या वर येताना दिसल्या. आवाज आला, "कोन हाय रं?" मी माझं नाव सांगितलं. थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज आला, "मामा?" मावळणीचा नातू होता तो, आमच्याकडं त्याचं येणं नव्हतं तरी नातं त्याला पाठ होतं. तो मधासाठी अर्ध्या वाटेपर्यंत चढायचा, म्हणून खालची निम्मी वाट जिवंत होती. त्यानं आम्हाला उतरवलं.

मावळण तेव्हा खाटेला खिळलेली. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. नातवानं सांगितलं, वरून भाचा आलाय. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "रस्त्यानं आला का वरून?"

"वरून, मावळणी."

"मंग वाट हाय अजून," ती म्हणाली आणि रडायला लागली. वाट निम्मी मेली आहे, हे तिला सांगायची हिंमत मला झाली नाही. त्याच वर्षी फाल्गुनात ती गेली. निरोप फोनवर आला.

त्यानंतरच्या दिवाळीला मी आणि गावातले चार जण कोकणवाटेला लागलो. खालून तो नातू दोन पोरं घेऊन चढला. झाड तोडलं नाही. अभयारण्य आहे, वनखात्याच्या माणसाला आधी विचारलं होतं. वाळकी कारवी बाजूला केली, घसरलेले दगड बसवले, जिथं वाट वळते तिथं दगडावर दगड रचून खूण केली. तीन दिवस लागले. पदरावर आमची गाठ पडली तेव्हा त्यांनी सुकटीची चटणी आणली होती, आम्ही नागलीची भाकर. तेव्हापासून एक वर्ष सोडलं तर दरसाल हे चाललंय. आता गावातली तरणी पोरं टोळ्या घेऊन उतरतात, त्यांना दोन पैसे मिळतात. माझा नियम एकच. ज्या पोरानं त्या साली वाट चालली नाही, त्यानं कुणाला घेऊन उतरायचं नाही. बापाला वाट माहीत होती, एवढ्यावर भागत नाही, हे मी एका रात्रीत शिकलो.

येणाऱ्यांनाही सांगणं आहे. मोबाईलमधली रेघ बघा, पण सोबत गावचा माणूस घ्या. पावसात नाळेत आणि सांदणीत शिरू नका, वर पाऊस पडला की खाली पाणी विचारून येत नाही. टाक्यात पाय बुडवू नका, ते प्यायचं पाणी आहे. आणि तुमचा पाय ज्या गुळगुळीत दगडावर पडेल, तो पाण्यानं घासलेला आहे असं समजू नका. त्यातला थोडा आमच्या बायाबापड्यांच्या पायांनी घासलेला आहे.

यंदा माझे गुडघे बोलायला लागलेत. दिवाळीनंतर मी पहिल्या नाळेच्या तोंडापर्यंतच गेलो. नातू पुढं होता, तेरा वर्षांचा. त्यानं खाली वाकून दगडाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उतरला. हे त्याला मी शिकवलं नव्हतं, त्यानं मला करताना पाहिलं असेल. तिसऱ्या दिवशी तो वर आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक किलो मीठ होतं, खालच्या दुकानातलं, प्लॅस्टिकच्या पुडीतलं. म्हणाला, "आजोबा, जड नाही झालं."

मी म्हणालो, "होईल."