तिघांतला एक

मामाचा जुना गेमबॉय सापडल्यापासून नातू पोकेमॉनच्या लाल आवृत्तीत बुडालाय. परवा म्हणाला, "आजी, तिघांतला कुठला घेऊ?" मला कुठलं कळायला! मग वाचत बसले.

हा खेळ जपानात २७ फेब्रुवारी १९९६ ला आला. कर्ता सातोशी ताजिरी, जन्म १९६५. तोक्योजवळच्या माचिदात लहानपणी किडे पकडत हिंडायचा. पुढे तिथल्या शेतांवर, तळ्यांवर इमारती उठल्या. दोन गेमबॉय जोडणारी केबल पाहून त्याच्या मनात आलं, हिच्यातून जिवंत प्राणी इकडून तिकडे जातायत!

म्हणूनच बुल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल यांतला एकच मिळतो. उरलेले हवेत तर दुसऱ्या मुलाशी अदलाबदल करायची. नातवाचा जीव चारमँडरवर, कारण शेपटीवर ज्योत. पण पहिला मोठा सामना ब्रॉकच्या दगडी प्राण्यांशी. दगडापुढे आगीचं काय चालणार? म्हटलं, जंगलातली कॅटरपी धर. साधी अळी. सातव्या लेव्हलला कोश, दहाव्याला फुलपाखरू आणि बाराव्याला मनःशक्तीचा मारा शिकते. तो त्या दगडांना सोसत नाही. कोश मात्र नुसता कडक होऊन बसतो. (अशी मुलं वर्गात पुष्कळ पाहिली.)

१९९८ च्या पिवळ्या आवृत्तीत तर पिकाचूच गळ्यात पडतो आणि ब्रॉकपुढे त्याची वीज अगदी फुकट. बहुधा म्हणूनच तिथे मँकी हा लाथा मारणारा माकडासारखा प्राणी ब्रॉकच्या आधीच सापडतो.

नातवाने शेवटी चारमँडरच घेतला. अळीही धरली. सध्या कोशापाशी अडकलाय आणि माझ्यावर चिडलाय.