वन्स मोअर आणि वगळलेला शेवट

वसंताच्या आरंभी चेंबर म्यूझिकच्या मैफिलींची माला योजावी आणि एकेका संध्याकाळी एकेक भाव, आनंद, विषाद, शांती, श्रोत्यांपुढे ठेवावा, ही कल्पना पाश्चात्त्य संगीतविश्वात आता रुळलेली आहे. रसचर्चेवर पोसलेल्या आमच्यासारख्यांना ती ओळखीचीही वाटते. परंतु भाव असे सुटे करून ऐकता येतात काय? या प्रश्नासाठी आम्हांस २१ मार्च १८२६ रोजी व्हिएन्नात झालेल्या एका मैफिलीकडे जावेसे वाटते.

चेंबर म्हणजे दालन. आश्रयदात्याचे घर, मोजके वादक, निवडक मंडळी, हे या संगीताचे मूळ रूप. रशियाचा राजदूत म्हणून व्हिएन्नात आलेल्या राझुमोव्स्कीने १८०८ मध्ये शुप्पानझिक या व्हायोलिनवादकाची चौकडी पदरी ठेवली. १८१४ च्या अखेरच्या रात्री त्याचा प्रासाद जळाला, पुढे ती चौकडीही विखुरली. शुप्पानझिक रशियात गेला, १८२३ मध्ये परतला आणि वर्गणीदार श्रोत्यांसाठी क्वार्टेटच्या मैफिली करू लागला. दालनातला पाहुणा यजमानाची भीड बाळगतो. पैसे मोजून आलेला श्रोता आपली पसंती उघडपणे सांगतो.

त्या दिवशी शुप्पानझिकच्या चौकडीने बेथोव्हनचे ऑपस १३० हे क्वार्टेट प्रथमच सादर केले. त्याचे विभाग सहा. दुसरा क्षणात उडून जाणारा, चौथा जर्मन नृत्याच्या चालीवरचा. पाचवा ‘काव्हातिना’, म्हणजे शब्दांवाचूनचे गाणेच. ते संथपणे चाललेले असताना बेथोव्हन मध्येच स्वरलिपीत एक शब्द लिहितो, ‘बेक्लेम्ट’. जीव घुसमटल्यासारखे वाजवा, असा त्याचा भाव. येथे पहिल्या व्हायोलिनची ओळ तुटते. हुंदका आवरत बोलू पाहणाऱ्या माणसासारखे स्वर अडखळत येतात, खाली उरलेली तीन वाद्ये मात्र आपली लय सोडत नाहीत. मग मूळ गाणे परत येते, जणू काही घडलेच नव्हते. भरताने स्थायीभाव आठ सांगितले आणि व्यभिचारी भाव तेहतीस, ते उगाच नव्हे. या एका विभागाला ‘विषाद’ अशी चिठ्ठी डकवून मोकळे होता येत नाही. आणि यानंतर येतो सहावा विभाग, सुमारे पाव तासाचा प्रचंड फ्यूग, ज्यात चारही वाद्ये एकमेकांवर तुटून पडतात.

श्रोत्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या विभागांना वन्स मोअर दिला. (आपल्या संगीत रंगभूमीच्या प्रेक्षकाला यात नवल वाटू नये.) फ्यूग मात्र कोणाच्या पचनी पडला नाही; एका समीक्षकाने तर तो चिनी भाषेइतका अगम्य ठरवला. बहिरा बेथोव्हन सभागृहात नव्हताच. पुढे प्रकाशक आर्तारियाने, चौकडीतील दुसरा व्हायोलिनवादक होल्झ याच्यामार्फत, नवा शेवट लिहून देण्याची गळ घातली आणि कोणापुढे सहसा न वाकणारा हा माणूस कबूल झाला. फ्यूग ऑपस १३३ म्हणून स्वतंत्र छापायचा आणि नव्या शेवटाचे मानधन वेगळे, असे ठरले. १८२६ च्या शरदात तो शेवट लिहून झाला. २६ मार्च १८२७ रोजी बेथोव्हन वारला.

पैशासाठी वाकला, की फ्यूग स्वतंत्रच शोभतो असे त्याला पटले, यावर अभ्यासक आजही भांडतात. नवा शेवट हिणकस नाही. तो प्रसन्न आहे, खेळकर आहे. पण काव्हातिनातल्या त्या घुसमटीनंतर तो श्रोत्याला फार लवकर सुखरूप घरी पोचवतो. फ्यूग तशी सवलत देत नाही. आमचा कौल फ्यूगला आहे, आणि आज अनेक चौकड्या मैफिलीचा शेवट त्यानेच करतात, याचे आम्हांस समाधान वाटते.

काव्हातिनाची कहाणी मात्र आणखी पुढे जाते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत पृथ्वीवरचे शेवटचे संगीत म्हणून तीच घेतली गेली, बुडापेस्ट क्वार्टेटने वाजवलेली. तिच्या आधी ब्लाइंड विली जॉन्सनचे गाणे आहे आणि त्याच्या आधी गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी. भैरवी मैफिलीच्या शेवटी गातात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा क्रम पाहून जरा थबकायला होते. उरलेले पाच विभाग इथेच राहिले, आणि फ्यूगही.