अंधारात बोटाला सापडणारा आकडा

नारायणगावात फोटोचा धंदा करायचा म्हणजे दिवसा लग्नं आणि रात्री तमाशाचे फड. तमासगीर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी फडमालकांच्या राहुट्या दरवर्षी इथे लागतात. वग रंगात आला की कनातीच्या कडेला उभ्या फोटोग्राफरला कॅमेऱ्यावरचा आकडा दिसत नाही, तो बोटालाच कळावा लागतो. म्हणून जुन्या कॅमेऱ्यांचा विषय निघाला की लोक लेन्सबद्दल बोलतात, मी बटणांबद्दल बोलतो.

उमेदवारीत माझ्या हाती आला तो याशिका मॅट 124 जी. 1970 साली निघालेला, दोन लेन्सचा जपानी डबा. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. काचेत डावं-उजवं उलटं दिसे, त्यामुळे नवरी कडेला गेली की कॅमेरा भलतीकडेच वळायचा. पण हातांची कामं चोख वाटलेली होती. डाव्या हाताला फोकसची खुंटी, उजव्या हाताला रोल पुढे नेणारा दांडा. तो फिरवला की शटरही चढायचं. दोन लेन्सच्या मधे दोन चाकं, एक अपर्चरचं आणि एक शटरचं. त्यांचे आकडे वरच्या लेन्सच्या माथ्यावरच्या खिडकीत, म्हणजे खाली घातलेली मान न उचलता दिसत. शटर लेन्समध्येच असल्याने 1/500 लाही फ्लॅश जुळायचा. रोलवर फोटो मात्र 12, त्यामुळे मंगलाष्टकं चालू असताना पिशवीतला पुढचा रोल चाचपायची सवय सगळ्यांनाच.

मग 35 एमएमचे कॅमेरे आले आणि त्यांच्याबरोबर एक धास्ती आली. यांचं शटर पडद्याचं. पेन्टॅक्स के 1000 वर फ्लॅशसाठी 1/60, त्यापुढे डायल सरकला की फोटोचा एक भाग काळा. अक्षता पडतानाचा फोटो असा आला तर पार्टीला काय सांगणार? 1982 च्या निकॉन एफएम 2 ने ही मर्यादा 1/200 वर नेली, पुढे 1/250 वर. बॅटरी संपली तर फक्त मीटर बंद पडे, कॅमेरा चालूच. रोल ओढायची लिव्हर थोडी बाहेर काढून शटरचं बटण हलकं दाबलं की मीटर जागा व्हायचा. डावा डोळा लावणाऱ्याच्या भुवईला मात्र लिव्हरचं टोक टोचायचं.

खरी सोय होती लेन्सवरच्या अपर्चरच्या कड्यात. त्याला दोन्हीकडे शेवट होता. 50 एमएमचं कडं 1.8 ला टेकवायचं आणि मोजायचं: टक, टक, टक, झालं 5.6. आणखी एक टक, 8. विविटार 283 फ्लॅश आणि 100 चा रोल असेल तर 8 म्हणजे 15 फूट, 11 म्हणजे साधारण 11 फूट. हे कोष्टक जिभेवर असे. मांडवात अंतर पावलांनी मोजायचं, कड्याकडे बघायचंच नाही.

1985 च्या मिनोल्टा 7000 ने डायल काढून बटणं बसवली. कॅननने 1986 च्या टी 90 मध्ये तर्जनीखाली चाक दिलं, 1989 च्या ईओएस 1 मध्ये अंगठ्याखालीही. आजचे बहुतेक कॅमेरे याच घराण्यातले. ही चाकं हाताला छान बसतात, हे मान्य. पण ती गोल गोल फिरतच राहतात. आपण कुठे आहोत हे विचारायला डोळाच लागतो.

2023 च्या निकॉन झेडएफने पितळी डायल परत आणले, रूपही एफएम 2 चं. आमच्याकडची पोरं त्यावर फिदा आहेत. मिररलेस असल्यामुळे उजेड कमी-जास्त झालेला फोटो काढण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. माझं अर्धं कोष्टक तिथेच निकालात निघालं. मात्र त्याच्या बहुतेक लेन्सना अपर्चरचं आकड्यांचं कडंच नाही. आयएसओच्या डायलला कुलूप आहे. पुढचा भाग जवळपास सपाट, त्यामुळे जड झूम लावून वरातीत तासभर उभं राहिलं की करंगळीला आधार उरत नाही. मला विचाराल तर डायल आणताना रूप आधी पाहिलं, हात नंतर.

आता फडात एलईडीचे दिवे असतात. त्यांच्याखाली बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर फोटोवर आडवे पट्टे येतात, म्हणून मी पडद्याचंच शटर वापरतो. तसंही ढोलकी आणि हलगी तापलेली असताना माझी खटखट ऐकायला कोण बसलंय?