टिक-टिक ऐकणारे कान

इंडिकेटरचा एखादा बल्ब गेला की जुन्या गाडीत उघडझाप मंदावायची, नाहीतर उरलेला दिवा पेटला की पेटूनच राहायचा. आजच्या बहुतेक गाड्यांत त्याच बिघाडाने टिक-टिक एकदम दुप्पट वेगाने पळू लागते. दुखणं एकच, लक्षणं मात्र उलटी. जुना वायरमन म्हणूनच बॉनेट उघडण्याआधी दांडी खाली ओढतो आणि घटकाभर नुसतं ऐकतो.

सुरुवातीला वळायचा इशारा म्हणजे चालकाचा हात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे उजवा हात खिडकीबाहेर आडवा धरला की गाडी उजवीकडे वळणार आणि तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की डावीकडे. रात्री, भर पावसात तो हात कुणाला दिसणार? अमेरिकेतल्या मूकपटांची नायिका फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४च्या सुमारास बटण दाबताच उठणारी खुणेची दांडी बनवली, पण पेटंट घेतलं नाही.

जर्मनीत बॉश कंपनीने १९२८मध्ये ‘विंकर’ आणला. इंग्रजांकडे अशा यंत्राला ट्रॅफिकेटर म्हणत. दाराशेजारच्या खांबात एक फट आणि त्या फटीत मिटून ठेवलेला छोटासा हात. स्विच फिरवला की तारेच्या वेटोळ्यात चुंबक जागा होई, आतली दांडी खेचली जाई, हात बाहेर येई आणि त्याच्या पोटातला बारीक बल्ब पेटे. धूळ किंवा गंज बसला की हात आतच अडकायचा. मग चालक आतून खांबावर एक बुक्की हाणायचा आणि तेवढ्याने बहुतेकदा काम भागायचं! मॉरिस मायनर या इंग्लिश गाडीला १९६१पर्यंत असे हात होते. हीच मायनर आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने रस्त्यावर आली.

उघडझाप करणारे दिवे अमेरिकेच्या ब्यूक गाडीने १९३९मध्ये कारखान्यातूनच दिले, तेही फक्त मागे. पुढचे दिवे आणि वळण संपताच आपोआप बंद होणारी दांडी पुढच्याच वर्षी आली.

या दिव्यांमागचं खरं डोकं म्हणजे फ्लॅशर. काडेपेटीपेक्षाही लहान डबी, आत दोन धातूंची जोडपट्टी. बल्बकडे जाणारी वीज तिच्यातून गेली की ती तापते, वाकते आणि जोड तुटतो. गार झाली की सरळ होऊन पुन्हा चिकटते. टिक-टिक हा त्या धातूचा आवाज. तो कुणी मुद्दाम घातलेला नव्हता, पण चालकांना त्याची इतकी सवय झाली की यांत्रिक फ्लॅशर नसलेल्या आजच्या गाड्या तो स्पीकरमधून ऐकवतात.

पुढचा एक बल्ब २१ वॅटचा, मागचाही तेवढाच. १२ व्होल्टवर दोघे मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. त्यातला एक गेला की वीज निम्मी होते, पट्टी पुरेशी तापत नाही आणि उघडझाप रेंगाळते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये मात्र वीज मोजली जाते. ती कमी भरली की बल्ब गेल्याचं चालकाला कळावं म्हणून तो मुद्दामच वेग वाढवतो. हौसेने एलईडी बसवणाऱ्यांची इथेच फसगत होते. एलईडी इतकी कमी वीज खातो की फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखंच वाटतं. आपल्या १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मिनिटाला ६० ते १२० उघडझापा ठरवून दिल्या आहेत. पळत्या इंडिकेटरने ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

चारही दिवे एकदम लुकलुकवणारा हॅझर्डचा स्विच नंतर आला आणि बिघाड शोधणाऱ्यांच्या हाती आयतीच कसोटी आली. हॅझर्डला वीज थेट बॅटरीतून मिळते, इंडिकेटरला किल्ली फिरवल्यावर. हॅझर्ड चालतो पण इंडिकेटर नाही, म्हणजे बल्ब आणि त्यांच्या वायरी शाबूत आहेत. मग फ्यूज बघायचा, दांडीचा स्विच बघायचा. पुष्कळ जुन्या गाड्यांत इंडिकेटरची वीज हॅझर्डच्या स्विचमधूनच पुढे जाते. तो स्विच वर्षानुवर्षं न दाबल्याने आतले पॉइंट काळे पडतात. दहा-वीस वेळा दाबला-सोडला की मेलेले इंडिकेटर कधीकधी तिथल्या तिथे जिवंत होतात.

सगळ्यात चकवणारं दुखणं अर्थिंगचं. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात मागच्या दिव्याचा पत्रा गंजतो. परतीची वाट बंद झालेली वीज मग शेजारच्या बल्बमधून वाट काढते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकते. नवखा अशा वेळी एकामागून एक बल्ब बदलत बसतो. जाणता वायरमन हातभर वायर घेतो, एक टोक होल्डरच्या पत्र्याला टेकवतो, दुसरं चासीच्या स्वच्छ नटाला. दिवा लख्ख पेटला की पॉलिश पेपर काढून तो गंज घासायला बसतो.