गव्यासाठी पुरेसं काडतूस

कोल्हापुरातून कसबा बावड्याकडे येताना वाटेत न्यू पॅलेस लागतो. १८८४ साली बांधून पुरा झालेल्या या राजवाड्याच्या संग्रहालयात शस्त्रंही आहेत आणि पेंढा भरलेली जनावरंही. ही दोन्ही पाहिल्यावर शाळेतली पोरं हमखास विचारतात, एवढं धूड एका गोळीत मरायचं का? प्रश्न पोरांचा असला, तरी शंभर वर्षांपूर्वी शिकारी, बंदूक बनवणारे आणि सरकार यांना याच प्रश्नानं छळलं होतं.

कोल्हापूर संस्थानात शिकारीच्या दोन तऱ्हा होत्या. माळावर काळवीट धरायला शिकवलेला चित्ता सोडत. आपल्याकडचे चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. त्यांना सांभाळणाऱ्या चित्तेवानांत मुसलमान घराणी होती. या शिकारीत काडतुसाचं काम नव्हतं. दाजीपूरच्या दाट रानात मात्र गाठ गव्याशी होती. ते रान छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. वाघ साधारण दोनशे किलोचा, तर पूर्ण वाढलेला नर गवा आठशे ते हजार किलोचा. जाड कातडं, खांद्यावर मांसाचा डोंगर आणि त्याखाली हाडं. गोळी काळजापर्यंत पोचली नाही, तर तो झाडीत शिरायचा आणि मागावर येणाऱ्याची वाट पाहत उभा राहायचा.

जुन्या काळ्या दारूची ताकद इथं अपुरी पडे. फौजेतली मार्टिनी-हेन्री रायफल ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगानं फेकायची. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीनं जवळपास तेवढ्याच जाडीची आणि वजनाची गोळी कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवर बसवली. वेग ६५५ मीटरवर गेला आणि मारा अडीचपट झाला. ४५० बोअरचं हे काडतूस मोठ्या जनावरांसाठी नावाजलं गेलं.

पण गोळीची ती जुनी जाडीच सरकारला खुपली. सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे आणि इतरांकडे मार्टिनी-हेन्री रायफली पोचल्या होत्या. शिकारीच्या काडतुसातली गोळी काढून ती त्या रायफलींत वापरली जाईल, ही इंग्रजांची भीती. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोअरवर बंदी आली. मग बंदूकवाल्यांनी ४६५, ४७०, ४७५ असे जरा वेगळे आकार पुढे केले. बोअरचे हे विचित्र आकडे जनावराच्या गरजेतून आले नाहीत, ते राज्यकर्त्यांच्या धास्तीतून आले. फौजी ३०३ बोअरही सामान्यांना मना होती. आपल्याकडच्या परवान्यांवर पुढे ३१५ बोअर दिसू लागली, तिच्यामागेही हाच हिशेब आहे.

गोळीच्या टोकाची गोष्टही अशीच. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९० च्या दशकात मऊ टोकाची गोळी तयार झाली. ती अंगात शिरताच फुलते आणि मोठी जखम करते. १८९९ च्या हेग परिषदेनं युद्धात अशा गोळ्या क्रूर ठरवून मना केल्या. शिकारीत मात्र हीच गोळी दयेची मानली गेली, कारण जनावर लवकर मरतं. वाघाला मऊ टोकाची आणि गव्याला आधी कडक, आरपार जाणारी, असा जुन्या शिकाऱ्यांचा ठोकताळा होता.

हाच प्रश्न आपल्या फुकहांपुढेही आला. अदी बिन हातिम यांच्या हदीसमध्ये शिकारीच्या फेकदांड्याबद्दल फरक केला आहे. टोकानं भोसकून मेलेलं जनावर हलाल, आडव्या माऱ्यानं मेलेलं नाही. मग बंदुकीची गोळी भोसकते की ठेचते? येमेनचे शौकानी यांनी ती जायज धरली. दमास्कसचे हनफी आलिम इब्ने आबिदीन यांनी धरली नाही, कारण ती कापत नाही, जोरानं आणि जाळून मारते. म्हणून हनफी शिकारी जनावरात जीव आहे तोवर सुरी घेऊन धावायचा. काडतुसानं जनावर पाडावं आणि जिबह सुरीनं व्हावी, अशी वाटणी झाली.

आता हे सगळे हिशेब कोणाच्या जिवावर होते ते पाहा. दुनळी रायफलवाले साहेब आणि सरदार मचाणावर बसत. रान उठवणारे हाकारे गावचेच गरीब लोक, हातात काठी नाहीतर डबा. गोळी कमी पडून गवा जखमी झाला, तर तो पहिल्यांदा यांच्याच अंगावर यायचा. काडतुसाच्या जाडजूड पुस्तकांत गोळीचं वजन सापडतं, वेग सापडतो. हाकाऱ्यांची नावं क्वचितच सापडतात.

१९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांचं अभयारण्य झालं आणि १९७२ च्या कायद्यानं शिकारच संपवली. तरी ‘किती पुरेसं’ हा प्रश्न सुटलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा शिरला. गर्दीनं त्याला पळवून पळवून दमवलं, बेशुद्धीचे डार्ट मारले गेले आणि तो मेला. औषध कमी पडलं तर जनावर उधळतं, जास्त झालं तर जीव जातो आणि घाबरून दमलेल्या जनावराला नेमकं औषधही झेपत नाही. आता गवे उसाच्या फडांतून कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येतात. त्यांच्यासाठी कोणतीही मात्रा पुरेशी ठरायची असेल, तर आधी बघ्यांना मागं सरावं लागेल.