मंडई, स्त्री. : एका शब्दनोंदीचा इतिहास

पुण्यात ‘मंडईत जाऊन येतो’ म्हणणारा माणूस हातात पिशवी घेऊन निघतो. भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखनीकडे ‘मंडईला जातो’ म्हणणारा नवे कपडे घालून निघतो. पुण्याची मंडई म्हणजे भाजीबाजार. भंडाऱ्याची मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा: घरोघरी पाहुणे, दिवसा दुकाने आणि दंडार, रात्रभर नाटक. आता कोशकाराने या शब्दाची नोंद कशी करावी? आजचा धागा या एका प्रश्नावर.

नोंद दिसायला दोन-चार ओळींची असते. आरंभी ठळक शीर्षशब्द. मग पु., स्त्री., न. अशी व्याकरणाची खूण. मग क्रमांक घालून अर्थ, वापराचे उदाहरण, वाक्प्रचार आणि चौकटी कंसात व्युत्पत्ती. आपण अर्थ पाहतो आणि कोश मिटतो. वास्तविक यातली प्रत्येक खूण हा एकेक निवाडा असतो. शेजारच्या छत्तीसगडात अशाच गावजत्रेला ‘मडई’ म्हणतात. तेव्हा जत्रेची मंडई आणि भाजीची मंडई यांचे मूळ एक मानले, तर एकाच नोंदीत दोन अर्थ येतील; भिन्न मानले, तर दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतील. आणि नोंद एकच असली, तर पहिला क्रमांक कोणत्या अर्थाला?

माझ्या मते सर्वांत बोलकी खूण असते ती प्रदेशाची. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात सिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे ७ विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले, पुरवणी विभाग १९५० मध्ये. त्यात शब्दांपुढे (कों.), (गो.), (राजा.), (व.), (ना.) अशी अक्षरे भेटतात: कोकणी, गोमंतकी, राजापुरी, वऱ्हाडी, नागपुरी. त्या काळी ही फार मोठी उदारता होती. मराठी केवळ पुणेरी नव्हे, हे कोशाने पानोपानी मान्य केले. पण ज्या शब्दापुढे कंस नाही, तो कोणाचा? तो ‘सर्वांचा’ समजला जातो. पुण्यात १८८६ साली रे मार्केट उभे राहिले, तीच आजची महात्मा फुले मंडई. त्या अर्थापुढे ‘पुणेरी’ असा कंस घालावा, असे सहसा कोणाला सुचत नाही.

गंमत अशी की, छापील मराठी कोशाचा आरंभ पुण्यात झालेला नाही. विल्यम कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे मोडी लिपीत छापला गेला आणि कॅरीचे मराठीचे साहाय्यक होते नागपूरचे वैजनाथ पंडित. म्हणजे पहिल्याच कोशामागे पूर्वेकडच्या मराठीचा कान होता! पुढे मुंबई सरकारच्या आश्रयाने, पंडितांच्या आणि कँडी बंधूंच्या साहाय्याने मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६० हजारांवर गेले. हा कोश इतका थोर ठरला की कॅरी मागे पडला. मात्र १८३१ साली भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, आणि मुंबईशी भंडाऱ्याची प्रशासकीय गाठ पडायला १९५६ साल उजाडावे लागले. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या ७ व्या खंडातही भंडाऱ्याची मराठी ‘नागपुरी’तच मोडते.

दुसरी अडचण पुराव्याची. ‘महाराष्ट्र शब्दकोश’ अर्थाखाली ज्ञानेश्वरीची ओवी देतो, मोरोपंतांची आर्या देतो. धानाच्या शेतीतले रोवणी, बांधी, बोडी हे शब्द कोणत्या ओवीत शोधायचे? रोवणी म्हणजे धानाची रोपे चिखलात लावणे, बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, बोडी म्हणजे लहान तलाव. ज्या जिल्ह्याची ओळखच तलावांची, तिथे ‘बोडी’ रोजच्या तोंडी असतो. पण तोंडचा शब्द पोथीत उतरला नाही, तर अवतरणाची जागा रिकामीच राहते.

ती जागा भरण्याचे काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी हाती घेतले. त्यांच्या कोशाचे नावच पाहा: ‘झाडीबोली मराठी शब्दकोश’. इथे झाडीचा शब्द शीर्षस्थानी आहे आणि प्रमाण मराठी त्याचा अर्थ सांगण्यापुरती. झाडीबोलीत ण, छ, श, ष, ळ हे उच्चार नाहीत. डोळा तिथे ‘डोरा’ होतो. साधी गोष्ट वाटते, पण कोश वर्णक्रमाने लागतो. प्रमाण मराठीच्या कोशात ‘डोरा’ला फार तर ‘डोळा पाहा’ एवढीच ओळ मिळेल. झाडीच्या कोशात तो स्वतःच्या जागी बसतो आणि र-ल-व-ळ या क्रमात ळ च्या पुष्कळ आधी येतो.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मंडई मात्र दोन्ही जिल्ह्यांत भरते, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागातही भरते. म्हणून तिच्या नोंदीपुढे कंस घालायचाच असेल, तर त्यात जिल्ह्याचे अक्षर पुरणार नाही, (झा.) असेच लिहावे लागेल. आणि भाजीच्या अर्थापुढे काय लिहायचे, हेही मग ठरवावे लागेल.