एका डॉलरचे पोटभर जेवण

अमेरिकेच्या मराठी प्रवासवर्णनांत लास वेगासचे एक पान बहुधा ठरलेले असते. वाळवंटात एकाएकी उजळणारे दिवे, जुगाराच्या यंत्रांचा खणखणाट आणि मग बुफे. टेबलांची लांबी, पदार्थांची संख्या, भरलेल्या बशा सावरत फिरणारी माणसे यांचे वर्णन लेखक थोड्या विस्मयाने आणि थोड्या नाराजीने करतो. शाकाहारी असल्यास आपण फळांवर आणि केकवर कसे भागवले तेही सांगतो, आणि पुढच्या पानावर ग्रँड कॅन्यनला पोचतो. ते टेबल कोणी मांडले, कोणासाठी मांडले, हे प्रश्न त्या पानावर सहसा येत नाहीत. प्रस्तुत टिपणात त्यांचाच थोडा मागोवा घ्यायचा आहे.

नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. त्यानंतर दहा वर्षांनी, ३ एप्रिल १९४१ रोजी, थॉमस हल या हॉटेलमालकाने लास वेगास शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर ‘एल रँचो वेगास’ उघडले. ज्याला आज ‘स्ट्रिप’ म्हणतात त्या रस्त्यावरचे हे पहिले कॅसिनो-हॉटेल. पोटभर खाण्याच्या बुफेचा उगमही येथलाच मानला जातो. त्याची आख्यायिका अशी: हर्ब मॅकडोनाल्ड नावाच्या प्रसिद्धीप्रमुखाला एका रात्री भूक लागली, त्याने स्वयंपाकघरातून मांसाचे काप, चीज आणि पाव आणून बारवर मांडले, आणि जुगार खेळणारे त्याभोवती जमले. उगमकथा बहुधा अशाच असतात. त्यांत एक हुशार माणूस असतो आणि एक योगायोग असतो. स्वयंपाकघरात ते काप ज्याने करून ठेवले होते, त्याला कथेत नाव नाही.

योगायोग असो वा नसो, चाळीसच्या दशकात एल रँचोत ‘बकारू बुफे’ सुरू झाला. दर एक डॉलर, आणि मध्यरात्रीनंतरही जेवण हजर. त्याला ‘चकवॅगन’ असेही म्हणत. चकवॅगन म्हणजे गुरांच्या तांड्याबरोबर जाणारी स्वयंपाकाची गाडी. ती १८६६ मध्ये टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइटने प्रथम सिद्ध केली असे मानतात. त्या तांड्यांवरच्या गुराख्यांत आणि स्वयंपाक्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसे पुष्कळ होती. एल रँचोच्या सजावटीत मात्र खोगिरे आली, बैलगाडीची चाके आली, ती माणसे आली नाहीत.

एका डॉलरात हे परवडे कसे? उत्तर सोपे आहे: परवडत नसे, आणि परवडावे अशी अपेक्षाही नव्हती. मध्यरात्री भूक लागलेला खेळाडू उठून दुसरीकडे गेला तर तो परत येईलच असे नाही. त्याला छपराखालीच ठेवण्याची किंमत म्हणजे जेवणावरचा तोटा. तो जुगाराच्या नफ्यातून भरून निघे. म्हणूनच बुफेकडे जाण्याची वाट पुढे यंत्रांच्या रांगांमधून काढलेली असे. टेबलाच्या रचनेतही हिशेब असतो. आरंभी पाव, बटाटे, सॅलड. भाजलेले गोमांस अगदी शेवटी, आणि ते कापून देणारा माणूस सुरी घेऊन उभा. हात आखडता घ्यायचा तर तो तेथे, आणि हसतमुखाने. आपल्याकडे पणजीत मांडवीवर उभ्या असलेल्या कॅसिनो-बोटींवरही प्रवेशाच्या तिकिटातच बुफेचे जेवण धरलेले असते, तर्क तोच. पंगतीतल्या आग्रहामागे यजमान असतो, येथे आग्रह करणारा हिशेब असतो, इतकाच काय तो फरक म्हणावा का? मला वाटते, नाही. पंगतीलाही तिचा हिशेब होताच: कोण कोणाच्या शेजारी बसणार, आणि कोण बाहेर थांबणार.

लास वेगासच्या टेबलाचाही असा हिशेब होता, आणि प्रवासवर्णनांना तो दिसत नाही याचे कारण ते पुष्कळ उशिरा तेथे पोचतात. दुसऱ्या महायुद्धात शहराजवळ मॅग्नेशियमचा मोठा कारखाना उभा राहिला. त्यातल्या कामासाठी लुइझियानातील टलूला, आर्कान्सातील फोर्डाइस अशा गावांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आली. त्यांना राहायला मिळाला तो रेल्वेमार्गापलीकडचा ‘वेस्टसाइड’, जेथे रस्तेही कच्चे होते. पुढे हॉटेले वाढली तशी ही माणसे त्यांत कामाला लागली. त्यांनी स्वयंपाकघरात राबायचे, भांडी घासायची, खोल्या झाडायच्या. पण पाहुणे म्हणून दाराने आत यायचे नाही, टेबलाशी बसायचे नाही, बुफेच्या रांगेत उभे राहायचे नाही. नॅट किंग कोल आणि सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारख्या ख्यातनाम कलावंतांनाही कार्यक्रम संपल्यावर मुक्कामाला वेस्टसाइडला जावे लागल्याच्या नोंदी आहेत. या शहराला ‘पश्चिमेचे मिसिसिपी’ म्हणत ते उगाच नव्हे. ‘हवे तितके खा’ या वाक्यातला कर्ता मराठीत अध्याहृत राहतो. व्याकरणाच्या तासाला ते खपून जाते. इतिहासात तो कर्ता शोधावा लागतो.

मे १९५५ मध्ये वेस्टसाइडजवळ ‘मुलँ रूज’ हे सर्व वर्णांच्या लोकांना खुले असलेले कॅसिनो-हॉटेल उघडले. त्याची कीर्ती झाली, गर्दीही झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीआधी ते बंद पडले. १९६० मध्ये ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेचे स्थानिक अध्यक्ष डॉ. जेम्स मॅकमिलन यांनी स्ट्रिपवर मोर्चा काढण्याचा इशारा दिला. ते व्यवसायाने दंतवैद्य. मोर्चाच्या बातमीने पर्यटक बिचकतील ही भीती हॉटेलमालकांना नीतिविचाराहून अधिक पटली असावी. २६ मार्च १९६० रोजी बंद पडलेल्या त्याच मुलँ रूजमध्ये बैठक होऊन बहुतेक हॉटेलांनी वर्णभेदाची बंदी उठवल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी १७ जूनला एल रँचो वेगास आगीत भस्मसात झाले. पोटभर बुफेची ही जन्मभूमी या करारानंतर तीन महिनेही टिकली नाही.

टेबलाशी बसण्याचा हक्क मिळाला तरी टेबलाशी वाढण्याची, म्हणजे बक्षिशी मिळणारी कामे मिळायला आणखी काळ गेला. त्यासाठी १९७१ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखालचा समझोता व्हावा लागला. पुढचा मोठा लढा ‘कलिनरी’ कामगार संघटनेचा. खोल्या साफ करणाऱ्या हॅटी कॅन्टी ही कृष्णवर्णीय बाई १९९० मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘फ्रंटियर’ हॉटेलातील सुमारे ५५० कामगार संपावर गेले. तो संप सहा वर्षांहून अधिक चालला, आणि त्यांतला एकही कामगार फुटून कामावर परतला नाही असे नोंदले गेले आहे. एका डॉलरच्या जेवणाबद्दल जितके लिहिले जाते त्याच्या शतांशाने तरी या सहा वर्षांबद्दल मराठीत लिहिले गेले आहे काय?

उरलेले सांगायला फार वेळ लागणार नाही. बुफेतल्या उष्ट्या-शिळ्या अन्नावर उत्तर लास वेगासमधील ‘आर. सी. फार्म्स’ने अनेक दशके डुकरे पोसली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवर जुगाराहून अधिक उत्पन्न खोल्या, भोजन आणि करमणूक यांतून येऊ लागले, आणि जेवणावर तोटा सोसण्याचे कारणच संपले. ‘सीझर्स पॅलेस’ने २०१२ मध्ये १.७ कोटी डॉलर खर्चून ‘बॅकनल’ बुफे उघडला. अलीकडे त्याच्या रात्रीच्या जेवणाचा दर ८० डॉलरच्या पुढे गेला आहे.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे नेव्हाडातील सर्व कॅसिनो बंद झाले. जूनमध्ये ते उघडू लागले, पण सार्वजनिक चमच्यांचे बुफे तसेच राहिले आणि त्यांतले कित्येक कायमचे मिटले. ‘आरिया’ने बुफेच्या जागी २०२२ मध्ये निरनिराळ्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचे दालन उघडले. महामारीत कामावरून कमी झालेल्या हॉटेल-कामगारांना पुन्हा बोलावण्यात अग्रक्रम द्यावा असा कायदा नेव्हाडाने २०२१ मध्ये केला, त्यामागे कलिनरीचाच रेटा होता. ज्यांचे टेबलच उरले नव्हते, ते मात्र परत आले तरी दुसऱ्याच कामावर.